तळहातावरचा उजेड

चंचलभाभी कोणाच्याही घरी गेल्या की उंबरा ओलांडल्यावर लगेच बसत नसत. उजवा तळहात तोंडासमोर धरायचा, त्याच्याकडे बघत जागच्या जागी सावकाश एक फेरी घ्यायची आणि मग म्हणायचं, "हितं बसते." त्या जिथे बसत तिथे खुर्ची असेलच असं नाही. आमच्या घरी एकदा त्या पिठाच्या डब्यावर बसल्या. माझी बायको तेव्हा नवीनच लग्न होऊन आली होती. तिने मला आत बोलावून विचारलं, "त्या बाई सोताचाच हात बघत्यात का?"

हात नव्हे, त्या उजेड बघत. चेहऱ्यावर उजेड कसा पडणार हे तळहातावर आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं. "दुसऱ्याच्या तोंडाकडं टक लावून बघितलं तर माणूस बावरतो. आपल्या हाताला काय लाज?"

मंचरच्या बाजारपेठेत त्यांच्या यजमानांचा, कांतीशेठचा, फोटो स्टुडिओ होता. मी शेजारच्या खतांच्या दुकानात हिशोब लिहायला होतो, अजूनही आहे. कांतीशेठचे आजोबा कधी काळी मारवाडातून आले, पण आता घरात सगळे आपल्यासारखंच बोलतात. भाभींचं माहेरही इथलंच, जुन्नरचं. नाव चंचल, पण कॅमेरा डोळ्याला लावला की बाई खांबासारखी उभी. माणसं त्यांना वळसा घालून जात.

पण हे सगळं नंतरचं. सुरुवातीला भाभी स्टुडिओत फक्त फोटो कापायच्या आणि अल्बममध्ये चिकटवायच्या. कॅमेरा कांतीशेठचा. एका लग्नसराईच्या तोंडावर कांतीशेठचे हात थरथरायला लागले. आधी वाटलं अशक्तपणा असेल, मग डॉक्टरांनी सांगितलं की हे आता जाणार नाही. चहाची बशी त्यांना दोन्ही हातांनी धरावी लागे. लग्नांच्या तारखा मात्र ठरून गेलेल्या होत्या आणि त्या दिवसांत दुसरा फोटोवाला मोकळा सापडणं शक्य नव्हतं. कांतीशेठ म्हणाले, "दिलेला शब्द परत कसा घ्यायचा?" भाभी म्हणाल्या, "मग मी जाते."

त्यांचं पहिलं लग्न म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं. लोणीला आमच्या दारातच मांडव होता.

आमच्याकडची लग्नं ज्यांनी बघितली नाहीत त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ छापलेली असते, पण त्या वेळेला लग्न लागत नाही. माइकवरून आलेल्या पाहुण्यांची नावं पुकारतात. मग एकेकाला स्टेजजवळ बोलावून टोपी, टॉवेल आणि नारळ देऊन सत्कार करतात. त्यातले चार जण शुभेच्छा देतात आणि एकाचंही चार शब्दांत भागत नाही. नवरा-नवरी तोवर उभी. हे सगळ्यांना माहीत असतं आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही, कारण उद्या आपलंही नाव पुकारलं जाणार असतं.

भाभींनी पत्रिकेवर विश्वास ठेवला. कांतीशेठकडून सगळं नीट विचारून घेऊन, पत्रिकेतल्या वेळेच्या उन्हाप्रमाणे कॅमेरा लावून त्या उभ्या राहिल्या. नावं पुकारून होईपर्यंत ऊन गेलं. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मांडवात एकीकडे हॅलोजनचा पिवळा झोत आणि दुसरीकडे अंधार, अशी स्थिती होती. तेव्हा रोलचा कॅमेरा. काय आलं ते तिथल्या तिथे दिसायची सोय नव्हती.

आठवड्याने अल्बम आला. सुमन रंगाने सावळी नाही, चांगली काळी आहे. आमच्या आजीसारखी. नवरदेव पांढऱ्या सफारीत, मधला अंतरपाट पांढरा, ते दोन्ही लख्ख आले होते. सुमनच्या जागी मुंडावळ्या होत्या, नथ होती आणि त्यांच्यामध्ये काळोख.

सुमनने सगळी पानं उलटली. मग भाभींना म्हणाली, "मुंडावळ्या चांगल्या आल्यात. मी कुठंय?"

सुमन तो अल्बम घेऊन सासरी, पठारावरच्या आणे गावी, गेली आणि तिथे तो लोखंडी कपाटाच्या तळाशी जाऊन पडला. मी तिच्याकडे अनेकदा गेलो, पाहुण्यांना अल्बम दाखवायची आपल्याकडे पद्धत आहे, पण तिने तो कधी बाहेर काढलेला मी पाहिला नाही.

त्यानंतर भाभींनी स्टुडिओच्या मागच्या दारात एक प्रकार सुरू केला. एका ताटात अर्ध्या बाजूला तांदूळ आणि अर्ध्या बाजूला आख्खे काळे उडीद. कोणाच्या लग्नाचा रोल संपत आला आणि शेवटी दोन-तीन फोटो शिल्लक राहिले की ते या ताटाचे. ताट कधी उंबऱ्यात, कधी जिन्याखाली, कधी खिडकीला लाल साडी बांधून तिच्या उजेडात. मी दुकानातून बघायचो. एकदा विचारलं, "भाभी, हे काय चाललंय?"

"उडदाचा दाणा न् दाणा दिसला पाहिजे आणि तांदूळ उतू जाऊन नुसता पांढरा डाग होता कामा नये," त्या म्हणाल्या. "एक जमलं की दुसरं बिघडतं. काळा रंग उजेड पितो, राव. त्याला आधी पाजावा लागतो."

धुऊन आलेला प्रत्येक फोटो कांतीशेठ गल्ल्यावर बसून तपासायचे. फोटो हातात घ्यायचे, डोळ्यांजवळ न्यायचे आणि म्हणायचे, "हलला." त्यांच्या बोटांत तो कागद पानासारखा थरथरत असायचा. भाभी फोटो त्यांच्या हातातून काढून घ्यायच्या, काउंटरच्या काचेवर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आता बघा." कांतीशेठ वाकून बघायचे. कधी तेव्हाही "हलला" म्हणायचे, तर कधी गप्प बसायचे. गप्प बसले म्हणजे फोटो चांगला आहे, हे आम्हा शेजाऱ्यांनाही कळायला लागलं होतं.

भाभी चौविहार पाळत. म्हणजे सूर्य मावळला की दुसऱ्या दिवसापर्यंत अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. गोरज मुहूर्ताच्या लग्नांत फोटो काढणाऱ्या बाईला हा नियम फार गैरसोयीचा, पण त्यांनी त्याचाच उपयोग करून घेतला. दिवस केव्हा मावळणार हे त्यांना घड्याळ न बघता सांगता येई. "पोट सांगतं," त्या म्हणायच्या. मांडवाच्या कोपऱ्यात बसून डब्यातले खाखरे खाता खाता त्या मांडवावरून उतरणारं ऊन बघत असत. शेवटचा घोट पाणी प्यायल्या की तोंड पुसून कॅमेऱ्याची बटणं फिरवायच्या. मुलीकडचे लोक आग्रह करायचे, "भाभी, दोन घास लापशी तरी खाऊन जा." भाभी हसून म्हणायच्या, "सूर्य गेला बाबा, आता मी पण दुकान बंद केलं."

पत्रिकेवर मात्र त्यांनी पुन्हा विश्वास ठेवला नाही. मांडवात शिरल्या की तळहाताची फेरी झाल्यावर त्या थेट माइकवाल्याकडे जात आणि टॉवेल-टोप्यांचा ढीग बघत. त्या ढिगाच्या उंचीवरून लग्न कितीला लागेल हे सांगत आणि त्यांचा अंदाज फारसा चुकत नसे. माइकवाले त्यांना घाबरून असायचे. एकदा भोसरीकडून आलेला नवीन माइकवाला म्हणाला, "भाभी, आज सत्कार थोडकेच हायेत." भाभींनी ढिगावरची चादर उचलून खाली बघितलं. म्हणाल्या, "भाऊ, खोटं बोलायचं तर टॉवेल तरी नीट झाकावेत."

वर्षांमागून वर्षं गेली. रोल जाऊन नवे कॅमेरे आले. काढलेला फोटो लगेच कॅमेऱ्याच्या मागे दिसायला लागला. भाभींचे केस पांढरे झाले, गुडघे बोलू लागले. मंडप लाल-गुलाबी कापडाचे झाले, स्टेजमागे मोठाले पडदे आणि निळे-जांभळे दिवे आले. प्रत्येक नव्या गोष्टीने पहिले काही फोटो बिघडवले. लाल कापडाखाली काढलेल्या एका लग्नाच्या फोटोंत सगळं वऱ्हाड रंगपंचमी खेळून आल्यासारखं दिसत होतं. भाभींनी ते फोटो स्वतः नवरीच्या घरी नेऊन दाखवले आणि तिथेच बसून ऐकून घेतलं. पुढच्या लग्नाला त्या मांडववाल्याला आदल्या दिवशीच जाऊन भेटल्या.

मग सुमनच्या मुलीचं, कोमलचं, लग्न निघालं. कोमल आईच्या रंगावर गेलेली. स्थळांना पाठवायला तिचा फोटो एका स्टुडिओत काढला होता. तिथल्या माणसाने न विचारताच कॉम्प्युटरवर तिला गोरी करून टाकलं. पाहुणे बघायला आले. मुलाची आत्या फोटो आणि पोरगी आळीपाळीने बघत राहिली आणि जाताना म्हणाली, "फोटूत येगळीच दिसती." ते स्थळ तिथेच थांबलं. पुढे डिंभ्याचा एक मुलगा आला, चाकणला कंपनीत नोकरीला. त्याने फोटो न मागता तिला बघितलं आणि होकार कळवला. कोमलने मला फोनवर एवढंच सांगितलं, "मामा, फोटोवाला कुणी बी आणा, पण मला गोरी करायची न्हाई."

सुमनचा विचार पुण्याचा फोटोवाला बोलावण्याचा होता. मी स्टुडिओत ही गोष्ट बोलून गेलो. भाभी कात्रीने कागद कापत होत्या. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"मला सुमनकडं घेऊन चला," त्या म्हणाल्या.

"भाभी, ती हो म्हणणार नाही."

"न्हाई म्हणाली तर म्हणू द्या. माझ्या तोंडावर म्हणू द्या."

आम्ही आण्याला गेलो. पठारावर वारा होता. सुमनने चहा ठेवला, पण चेहरा काही सैल सोडला नाही. भाभींनी दारात तळहात धरून फेरी घेतली. सुमन म्हणाली, "भाभी, ह्या वक्ताला राहू द्या. माझ्या रंगापायी पोरीच्या अल्बमचं वाटोळं नको."

"तुझ्यापायी न्हाई झालं. माझ्यापायी झालं," भाभी म्हणाल्या. मग कोमलला बोलावून त्यांनी ओट्यावर उभं केलं. समोर चुन्याने रंगवलेली गोठ्याची भिंत होती, तिच्यावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि तिथून परत येणारा उजेड कोमलच्या तोंडावर होता. एक फोटो काढून भाभींनी कॅमेरा सुमनच्या हातात दिला.

सुमनने बराच वेळ बघितलं. "मांडवात आसं यील?" तिने विचारलं.

"खात्री देत न्हाई," भाभी म्हणाल्या. "पण तू तुळशीपाशी असशील ना तेव्हा. तुझ्या जागी मी बघत असंन."

हे ऐकून सुमन चपापली. मीही. आमच्याकडे मंगलाष्टकांच्या वेळी नवरीची आई मांडवात थांबत नाही. ती तुळशीला पाणी घालत बसते. लेकीवर अक्षता पडताना सगळं गाव बघतं, फक्त आई बघत नाही. सुमनला स्वतःचं लग्न फोटोत दिसलं नव्हतं, आणि लेकीचं तर फोटोतच दिसणार होतं. तिने चहाचे कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "दुपारपास्नंच या मग."

लग्नाच्या दिवशी भाभी दुपारी हजर. मांडव लालभडक. त्यांनी मांडववाल्याला पश्चिमेकडची कापडाची एक पट्टी काढायला सांगितली. तो म्हणाला, "भाभी, सगळ्या डेकोरेशनचा इस्कोट व्हईल."

"तुझं डेकोरेशन उद्या दुसरीकडं लागंल. पोरीचं लगीन लागंल का?"

पट्टी निघाली. मावळतीचं ऊन तिथून बरोबर कोमलच्या जागेवर येत होतं. भाभी खूश झाल्या. पण डिंभ्याचं वऱ्हाड उशिरा पोचलं आणि माइकजवळचा ढीग माझ्या कमरेइतका होता. नावं सुरू झाली. एक पुढारी यायचे होते, ते आले. दुसरे यायचे होते, त्यांची वाट बघितली. कोपऱ्यात भाभी डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी बघितलं तेव्हा त्या शेवटचा घोट पाणी पीत होत्या. काढलेल्या पट्टीतून आता नुसतं राखाडी आभाळ दिसत होतं. सगळी तयारी वाया गेली होती आणि स्टेजवरच्या जांभळ्या दिव्यांत कोमलचा चेहरा ओळखू येत नव्हता.

मी म्हणालो, "भाभी, आता?"

त्या उठल्या. तळहात धरून स्टेजसमोर एक फेरी घेतली, मग उलटी दुसरी घेतली. आणि थेट माइकवाल्याकडे जाऊन सत्काराच्या उरलेल्या ढिगातून दोन पांढरे टॉवेल आणि एक टोपी उचलून आणली. माइकवाला बोलत असल्यामुळे त्याला अडवता आलं नाही. एक टॉवेल कोमलच्या मैत्रिणीला दिला. "हा असा छातीपाशी ताणून धर आणि हलू नको. नवरीकडं बघू नको, माझ्याकडं बघ." दुसरा टॉवेल दुसऱ्या मैत्रिणीला. मग व्हिडिओवाल्याचा दिवा धरून त्यांनी तो कोमलच्या तोंडावरून वळवून टॉवेलांवर टाकला.

"भाभी, माझं शूटिंग काळं यील," तो म्हणाला.

"अंतरपाट निघून दुसरी मूठ पडंस्तवर येऊ दे. मग दिवा तुझा."

मामा म्हणून मी कोमलच्या मागे उभा होतो, डोक्याला गुलाबी फेटा. भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "फेटा काढा."

नवरीच्या मामाने मंगलाष्टकांना फेटा उतरवायचा, हे आमच्यात कोणी ऐकलेलं नाही. मागून माझे चुलते म्हणाले, "आरं, काय करतोयस?" मी म्हणालो, "भाभींना विचारा." फेट्याची गुलाबी छटा कोमलच्या गालावर पडत होती, ते मला नंतर समजलं. भाभींनी आणलेली पांढरी टोपी मी घातली.

मंगलाष्टकं संपत आली. भाभी खांबासारख्या उभ्या होत्या. अंतरपाट निघाला, त्यानंतरची अक्षतांची पहिली मूठ पडली, सगळ्यांनी मोबाइल वर केले, वाजंत्री सुरू झाली. भाभींनी फोटो काढला नाही. पहिल्या मुठीला माणसं डोळे मिटतात, त्यानंतर उघडतात, हे त्यांचं ठरलेलं होतं. कोमलने डोळे उघडले, समोर नवऱ्याकडे बघितलं, तेव्हा कॅमेऱ्याचा आवाज झाला. एकदाच. मग त्यांनी कॅमेरा खाली घेऊन त्याच्या मागच्या पडद्यावर फोटो बघितला आणि व्हिडिओवाल्याला म्हणाल्या, "घे तुझा दिवा."

सुमन मांडवात आली तेव्हा तिचे हात तुळशीच्या पाण्याने ओले होते. भाभी गर्दीतून वाट काढत तिच्याकडे गेल्या आणि कॅमेरा तिच्यासमोर धरला. मी शेजारीच होतो. फोटोत कोमल काळी होती, आहे तशी. नाकाची रेघ, गालावर चिकटलेला एक तांदूळ, डोळ्यांतलं पाणी, सगळं दिसत होतं. नवरदेवाचा पांढरा सदरा कुठेही उतू गेला नव्हता.

सुमनने पदराला हात पुसले, पण कॅमेरा हातात घेतला नाही. म्हणाली, "मी आशी दिसत व्हते का?"

"अशीच," भाभी म्हणाल्या. "मला तेव्हा येत न्हवतं."

अल्बम तयार झाल्यावर तो द्यायला भाभी आणि मी सकाळच्या वेळी आण्याला गेलो. सुमनने शेजारणींना बोलावून अल्बम दोनदा दाखवला. आम्ही निघालो तेव्हा ती म्हणाली, "भाभी, जरा थांबा." तिने मोबाइल काढला, दारात उभी राहिली, तळहात तोंडासमोर धरला आणि गंभीरपणे एक फेरी घेतली. भाभींना हसू आवरेना. "अगं बाई, उजेड पाठीमागं ऱ्हायला," असं म्हणत त्या हात वर करून तिला कुठे उभं राहायचं ते दाखवत होत्या, तेवढ्यात सुमनने फोटो काढला.

गेल्या पावसाळ्यात भाभी गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. त्यांचा मुलगा पुण्याहून आला होता. भिंतीवर लावायला त्याने आधारकार्डासाठी काढलेला फोटो मोठा करून आणला होता. तो कांतीशेठनी नुसता बघून बाजूला ठेवला. मला सुमनने काढलेला फोटो आठवला. तिच्याकडून तो मागवून घेतला, छापून आणला आणि स्टुडिओत कांतीशेठच्या हातात दिला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. त्यांचे हात आता पूर्वीपेक्षा जास्त थरथरतात. फोटोतल्या भाभी हसत होत्या, एक हात वर केलेला.

"हलला," कांतीशेठ म्हणाले.

फोटो त्यांच्या हातात तसाच थरथरत राहिला. तो काढून घ्यायला कोणी पुढे येईल याची त्यांनी थोडी वाट बघितली असावी. मग त्यांनी स्वतःच तो काउंटरच्या काचेवर ठेवला, दोन्ही हात मागे घेतले आणि वाकले.

"आता बघतो," ते म्हणाले.

बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. नंतर काही बोलले नाहीत.